अर्धा सूत

गुलाबभाई शिकलगारांनी ते यंत्र आणलं तेव्हा
दुकानात दोन जण बसलेले
आणि तिसरा खुर्चीत, एका गालाला साबण.

पिशवीतून काढून त्यांनी आरशाखाली ठेवलं,
तुरटीच्या डबीशेजारी.
शिवणयंत्राचं चाक, सायकलचा हब,
मध्ये दोन रूळ :
एकावर म्हशीचं कातडं,
दुसऱ्यावर सरसात कालवून थापलेली दगडाची पूड.
वस्तरा चिमट्यात धरायचा, मूठ फिरवायची,
दर फेऱ्याला पातं आपोआप कूस बदलतं.
"चाळीस फेरे," म्हणाले. "एक्केचाळिसावा माझ्याकडून."

चाक जुन्या बाजारातलं, बुधवारी घासाघीस करून आणलेलं.
बाकीचं त्यांच्या हातचं.
आजोबा त्यांचे गावोगाव तलवारी उजळत फिरले,
हे खडकीच्या कारखान्यात लेथवर एकतीस वर्षं.
तिथे काय बनतं ते खडकीत कुणी विचारत नाही.

मी फिरवलं.
उंदरानं रद्दी कुरतडावी तसा आवाज.
साबणवाला गिऱ्हाईक म्हणाला, वा.

पण माझा वस्तरा बापाचा.
एकाच मनगटानं पट्ट्यावर परतून परतून
पोटाशी किंचित फुगलेला,
उजेडात धरला तर हसल्यासारखा.
यंत्राला सरळ तेवढं कळतं.
पोट पाजवलं जायचं,
टाच आणि टोक तहानलेली.

हे मी बोललो नाही.
माणूस तीन महिने रात्री जागून एखादी गोष्ट करतो,
त्याला काय सांगणार?

दर रविवारी सकाळी सातला
त्यांच्यासमोर चाळीस फेरे, मोजून.
मग डोळ्यांवर गरम टॉवेल,
रेडिओ जरा मोठा,
आणि खुर्चीमागच्या पट्ट्यावर
सात-आठ हात, खोकत खोकत.
अकरा वर्षं मला खोकला होता.

दाढी झाली की ते हनुवटीवरून उलटा अंगठा फिरवत.
"बघितलंस, बिडवे? मशीन ते मशीन."
"तर!"

पुढे अर्ध्या ब्लेडांचे दिवस आले.
पुडी गिऱ्हाइकासमोर फाडायची,
नाहीतर ते खुर्चीतच बसत नाही.
वस्तरा उरला एका रविवारपुरता,
एका माणसापुरता.

परवा त्यांची सून आली, मेहरुन्निसा.
"अब्बा उठत नाहीत. दाढीचं मात्र रोज विचारतात."

यंत्र कॅरिअरवर ट्यूबनं बांधलं.
फाटकापाशी गाडी येत होती,
एका पायावर उभा राहिलो, एक हात मागे यंत्रावर.

खाटेवर डोळे मिटून होते.
गाल आत गेलेले,
अशा गालावर दाढी करणं फार कठीण,
आतून जिभेनं फुगवायला सांगावं लागतं.
मी मूठ फिरवायला लागलो.
पांघरुणावर त्यांची बोटं मोजत होती.
छत्तिसाव्याला म्हणाले, "थांब. अर्धा सूत."
"काय?"
"मधे अर्धा सूत खोलगट हवा होता रूळ.
तुझ्या बापाचं पातं पोटाळलंय.
पहिल्या रविवारीच ऐकलं मी."
"मग बोलला नाहीत?"
"तू बोललास?"

बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"आता पट्ट्यावर मार," म्हणाले. "फक्त खोकू नकोस."

पट्टा अडकवायला खोलीत खिळा नव्हता.
खिडकीचा गज गंजलेला, लांब.
त्यांनी हात पुढे केला,
कडी बोटात घेतली आणि मूठ आवळली.
ताण बरोबर होता.

वस्तरा त्यांच्याकडे गेला, माझ्याकडे आला.
गेला. आला.
इतक्या जवळून हा आवाज मी त्यांना कधी ऐकवला नव्हता.
नवव्या हाताला कातडं सैल पडलं.
"दुखतंय का?"
"नाही," म्हणाले.
"मोजायचं राहून गेलं."